कोंबड्यांतील साथ माणसांपर्यंत येऊ नये म्हणून : इयत्ता ५ वी ते ७ वी साठी आरोग्यशिक्षणाचा एक पाठ

प्राथमिक शाळेत आरोग्यशिक्षणाचे पाठ होतात ते बहुधा नखे, दात, पिण्याचे पाणी आणि डास ह्यांचे. ते आवश्यकच आहेत. परंतु खेड्यातील मूल केवळ माणसांत वाढत नाही. गोठा, खुराडे, उकिरडा आणि अंगण ही त्याची रोजची सोबत असते. सकाळी खुराड्याचे दार उघडण्याचे, पिलांना कण्या टाकण्याचे आणि अंडी गोळा करण्याचे काम पुष्कळ घरांत मुलांकडेच असते. त्यामुळे कोंबड्यांत रोग शिरला, तर तो पहिल्यांदा पाहणारी व्यक्ती पशुवैद्य नसते, सरपंच नसतो, ती बहुधा शाळेतील एखादी मुलगी किंवा मुलगा असतो. त्या क्षणी त्याने काय करावे आणि काय करू नये, हे शिकवणे एवढाच ह्या पाठाचा हेतू आहे. सोनगीर व आसपासच्या गावांतील शाळा डोळ्यांसमोर ठेवून पाठाची आखणी केली आहे. इतर ठिकाणच्या शिक्षकांनी आपल्या गावाची नावे व उदाहरणे घालून तो वापरावा.

१. हा पाठ खानदेशात का हवा

पक्ष्यांतील इन्फ्लुएन्झा, ज्याला आज सर्वत्र ‘बर्ड फ्लू’ म्हणतात, तो दूरदेशीचा रोग आहे असे अनेकांस वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. भारतात पाळीव कोंबड्यांमध्ये हा रोग पहिल्यांदा सिद्ध झाला तो नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे. १८ फेब्रुवारी २००६ रोजी भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेच्या तपासणीनंतर तो जाहीर झाला. नवापूर १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होते. सोनगीरहून धुळे आणि धुळ्याहून सुरतेच्या रस्त्याने साक्री, विसरवाडी ओलांडली की नवापूर येते. तेथे अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्या मोठ्या शेडा होत्या. रोग जाहीर होताच बाधित जागेपासून तीन किलोमीटरच्या परिघातील कोंबड्या नष्ट करण्यात आल्या आणि दहा किलोमीटरपर्यंत निगराणी ठेवण्यात आली. अंडी व खाद्यही नष्ट करावे लागले. ज्यांची शेड निरोगी दिसत होती, त्यांनाही आपल्या डोळ्यांदेखत ती रिकामी होताना पाहावी लागली.

त्यानंतर महिनाभरातच, मार्च २००६ मध्ये, जळगाव जिल्ह्यातील सावदा, मारूळ, हातेड आणि साळवा ह्या गावांतील कोंबड्यांत रोग आढळला. पुढे लगतच्या बऱ्हाणपूर जिल्ह्यातील इच्छापूरलाही तो निघाला. म्हणजे तापीच्या खोऱ्यात एका उन्हाळ्याच्या आत दोन राज्यांतील गावांनी हे संकट पाहिले. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापूरवर पुन्हा तीच पाळी आली. त्याच वर्षी जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे सुमारे ८०० कोंबड्या अचानक मेल्या आणि तपासणीत हाच रोग निघाला.

२००६ साली नवापूर व जळगाव भागांतील ज्या माणसांचे नमुने तपासण्यात आले, त्यांपैकी एकालाही लागण झाल्याचे सिद्ध झाले नाही. ही गोष्ट मुलांस आवर्जून सांगावी, कारण ती खरी आहे आणि धीर देणारीही आहे. परंतु ‘आपल्याकडे माणसांना तो होतच नाही’ असा अर्थ त्यातून काढू देऊ नये. २०२१ च्या जुलैमध्ये हरियाणातील एका मुलाचा दिल्लीच्या रुग्णालयात ह्या रोगाने मृत्यू झाला. भारतातील तो पहिला नोंदलेला मृत्यू होय. २०२५ साली आंध्र प्रदेशात दोन वर्षांची एक बालिका दगावली. तिने कोंबडीच्या कच्च्या मांसाचा तुकडा खाल्ल्याचे घरच्यांनी सांगितले होते. दोघेही बालकेच होती, हे शिक्षकाने मनात ठेवावे.

२. शिक्षकाने स्वतः जाणून घ्यावयाची माहिती

*रोगाचे मूळ.* इन्फ्लुएन्झाचे विषाणू अनेक प्रकारचे आहेत. त्यांच्या पृष्ठभागावर दोन प्रकारची प्रथिने असतात. त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून व क्रमांकांवरून प्रकारांस नावे देतात, जसे एच५एन१. रानबदके, कुरव आदी पाणपक्षी हे ह्या विषाणूंचे जुने यजमान होत. त्यांच्या शरीरात विषाणू असूनही पुष्कळदा ते आजारी दिसत नाहीत, पण विष्ठेवाटे तो पाण्यात सोडतात. कोंबडीच्या शरीरात मात्र त्याचे काही प्रकार भयंकर रूप धारण करतात आणि दोनतीन दिवसांत खुराडेच्या खुराडे ओस पाडतात.

येथे देवीच्या रोगाशी तुलना उपयोगी पडते. देवीचा विषाणू फक्त माणसांत राहत असे. माणसांना टोचून त्याचा आसरा काढून घेतला आणि तो रोग पृथ्वीवरून गेला. बर्ड फ्लूचा आसरा आकाशात उडणाऱ्या पक्ष्यांत आहे. त्यामुळे त्याचे निर्मूलन करणे माणसाच्या हाती नाही. त्याला अंतरावर ठेवणे मात्र माणसाच्या हाती आहे. संपूर्ण पाठाचे सार ह्या वाक्यात आहे.

हिवाळ्यात हतनूर धरणाच्या पाणथळीवर किंवा गावच्या तळ्यावर पाहुणे पक्षी उतरतात म्हणून त्यांना हुसकावे किंवा मारावे असे मात्र मुलांच्या मनात भरू नये. पक्षी विषाणू आणू शकतात हे खरे, पण एका शेडेतून दुसऱ्या शेडेत, एका गावातून दुसऱ्या गावात तो मुख्यतः माणसाच्या व्यवहारातूनच जातो. न धुतलेले खोके, अंड्यांचे ट्रे, गाडीची चाके, चपलांचे तळवे, स्वस्तात विकलेली आजारी कोंबडी ही त्याची वाहने होत. सोनगीर हे मुंबई–आग्रा महामार्गावरील गाव आहे. महामार्गाने बाजार जवळ येतो, तसा रोगही जवळ येतो.

*माणसाकडे येण्याची वाट.* आजारी पक्ष्याची विष्ठा, लाळ व नाकातील स्राव ह्यांत विषाणू असतो. पक्षी हाताळणे, कापणे, पिसे काढणे, खुराडे झाडताना उडालेली धूळ श्वासात जाणे, आणि मळलेला हात डोळ्याला, नाकाला किंवा तोंडाला लागणे ह्या त्याच्या वाटा आहेत. माणसाच्या श्वसनमार्गात हा विषाणू सहजासहजी पाय रोवत नाही, म्हणून कोट्यवधी लोक कोंबड्या पाळत असूनही रुग्ण थोडे असतात. परंतु एकदा तो फुप्फुसात खोलवर रुजला की आजार फार गंभीर होतो. २००३ पासून जगभरात एच५एन१ च्या नऊशेहून अधिक मानवी रुग्णांची नोंद झाली आणि त्यांपैकी जवळजवळ निम्मे दगावले. एका माणसाकडून दुसऱ्या माणसास हा रोग सहज होत नाही. भीती असते ती पुढची. माणसाचा नेहमीचा फ्लू व पक्ष्यांचा फ्लू एकाच शरीरात एकत्र आले, तर दोघांच्या गुणांची अदलाबदल होऊन माणसामाणसांत पसरणारा नवा विषाणू निपजू शकतो. डुकराच्या शरीरात अशी अदलाबदल विशेष सुलभ असते. म्हणून कोंबड्या, बदके व डुकरे एकत्र ठेवू नयेत.

*‘मानमोडी’ हा शब्द.* मराठीत ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. कोंबड्यांच्या राणीखेत रोगाला मानमोडी म्हणतात, कारण त्यात पक्ष्याची मान वाकडी होते. आणि १९१८ साली माणसांत इन्फ्लुएन्झाची जी महासाथ आली, तिलाही महाराष्ट्रातील लोकांनी मानमोडीच म्हटले होते. त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे मेली. त्या विषाणूचे पक्ष्यांतील विषाणूंशी निकटचे नाते होते, असे शास्त्रज्ञ मानतात. जुन्या लोकांच्या तोंडी अजून हा शब्द असेल, तर मुलांनी आजीआजोबांस त्याविषयी विचारून यावे.

परंतु हाच शब्द एक धोकाही निर्माण करतो. कोंबड्या मेल्या की ‘मानमोडी आली असेल, दरवर्षीचेच आहे’ असे म्हणून माणूस स्वस्थ बसतो. राणीखेत आणि बर्ड फ्लू ह्यांची लक्षणे वरवर पाहता सारखी असतात. नवापूरलाही सुरुवातीस कोंबड्यांची मर राणीखेतचीच समजली गेली होती. दोहोंतील फरक डोळ्यांनी ओळखता येत नाही, तो प्रयोगशाळेतच कळतो. म्हणून नाव ठरवण्याचे काम पशुवैद्यकावर सोपवावे आणि गावाने फक्त एवढे पाहावे : एकाएकी अनेक पक्षी मेले काय?

*लक्षणे.* पक्ष्यांत : कोणतीही पूर्वसूचना नसता एकदम मृत्यू, मरगळ, अंडी घटणे किंवा मऊ कवचाची येणे, डोके सुजणे, तुरा व गळ्याखालची लोंबती लाल कातडी निळीजांभळी पडणे, नाकातून पाणी, धाप, हिरवट हगवण. कावळे, बगळे असे इतर पक्षी एकाच ठिकाणी मरून पडलेले दिसणे हीही खूणच समजावी. माणसांत : आजारी किंवा मेलेल्या पक्ष्याशी संबंध आल्यावर साधारणतः दहा दिवसांच्या आत ताप, खोकला, घसादुखी, अंगदुखी, डोळे लाल होणे व धाप लागणे. अशा वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि ‘घरी कोंबड्या मेल्या आहेत’ हे आपण होऊन सांगावे. डॉक्टरांस हे वाक्य न सांगितल्यास साधा ताप समजून वेळ जातो. ह्या रोगावरील औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झाले तर अधिक गुणकारी ठरते.

*अन्नाविषयी.* विषाणू ७० अंश सेल्सिअसच्या उष्णतेने मरतो. आपल्याकडील रस्सा चांगला उकळलेला असतो. पूर्ण शिजलेले मांस व उकडलेले अंडे ह्यांपासून भय नाही. धोका आहे तो कच्चे मांस हाताळण्यात, अर्धकच्चे खाण्यात, आणि मेलेली किंवा मरणोन्मुख कोंबडी वाया जाऊ नये म्हणून घरी कापण्यात. २००६ साली अफवांमुळे दूरदूरच्या निरोगी कोंबड्यांचाही बाजार बसला आणि ज्यांच्याकडे रोग नव्हता असे पाळणारेही बुडाले. शिक्षकाच्या तोंडून ‘अंडी खाऊ नका’ असे वाक्य निघता कामा नये.

३. पाठटाचण

वेळ : दोन तासिका. साहित्य : लाल खडूची भुकटी किंवा गुलाल, एक चेंडू, साबण, पाणी, कल्हईचे व बिनकल्हईचे पितळेचे भांडे, दोरी, फक्की.

*प्रस्तावना.* पुढील प्रश्न विचारावेत. घरी कोंबड्या कोणाकोणाच्या आहेत? खुराडे कोण उघडतो? रात्री त्या कोठे असतात? कोंबडी मेली तर तिचे काय करतात? शेवटच्या प्रश्नाची उत्तरे शांतपणे ऐकावीत. ‘उकिरड्यावर टाकतो’, ‘नाल्यात टाकतो’, ‘कापून खातो’ अशी उत्तरे येतील. मुलांस हसू किंवा दटावू नये. पाठ ह्याच उत्तरांवर उभा राहावयाचा आहे.

*हेतुकथन.* “कोंबड्यांना होणारा एक आजार माणसाला कसा होतो आणि आपण तो कसा अडवू शकतो, हे आज पाहू.”

*विषयनिवेदन, पहिली पायरी : न दिसणारी गोष्ट.* सोनगीर तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. दोन्ही भांडी दाखवून विचारावे : बिनकल्हईच्या पितळेत ताक ठेवले तर काय होते? येथील मुले सांगतील, ‘कळकते’. ताकात काही पडलेले दिसते काय? दिसत नाही. तरीही आई त्यात ताक ठेवत नाही. न दिसणाऱ्या अपायासाठी घराने आधीच नियम केलेला असतो. विषाणूही दिसत नाही, म्हणून त्याच्यासाठीही नियम हवेत. येथे एक भेद स्पष्ट करावा : कळकलेले ताक त्या भांड्यापुरते राहते, विषाणू मात्र शरीरात शिरला की वाढतो आणि पुढे जातो.

*दुसरी पायरी : प्रयोग.* तास सुरू होण्यापूर्वी चेंडूला लाल भुकटी चोळून ठेवावी. हा चेंडू म्हणजे आजारी कोंबडी, असे न सांगता तो पाचसहा मुलांच्या हातांतून फिरवावा व पाठ चालू ठेवावा. दहा मिनिटांनी सर्वांस हात, सदरा, पाटी, वही आणि चेहरा पाहावयास सांगावे. ज्यांनी चेंडूला स्पर्शही केला नाही, त्यांच्या वहीवरही लाल ठसे निघतील. आता सांगावे की ही लाली म्हणजे विष्ठेतील विषाणू. “लाली दिसली म्हणून कळले; दिसली नसती तर?” हा प्रश्न विचारून थोडे थांबावे. मग दोन मुलांस नुसत्या पाण्याने व दोघांस साबणाने हात धुण्यास सांगावे. नखांच्या कडांत व बोटांच्या बेचक्यांत उरलेली लाली मुलांनी एकमेकांस दाखवावी.

*तिसरी पायरी : परीघ.* शाळेच्या पटांगणात एक मीटर म्हणजे एक किलोमीटर असे प्रमाण धरून दोरीने १ मीटर व १० मीटर त्रिज्येची दोन वर्तुळे फक्कीने आखावीत. मध्यभागी सोनगीर. तालुक्याच्या नकाशावर मोजून देवभाने व आजूबाजूची इतर गावे जेथे येतील तेथे दगड ठेवावेत. २०२१ च्या सुधारित राष्ट्रीय आराखड्याप्रमाणे रोग सिद्ध झाल्यास एक किलोमीटरपर्यंतच्या क्षेत्रातील कोंबड्या नष्ट करतात आणि दहा किलोमीटरपर्यंत निगराणी ठेवतात. आता एका मुलास मधल्या वर्तुळातून ‘आजारी कोंबडी’ म्हणजे तोच लाल चेंडू घेऊन दहा मीटरच्या बाहेरच्या गावी जाण्यास सांगावे. लगेच मुलांच्या ध्यानी येईल की नवे वर्तुळ तेथेही आखावे लागेल. एका घराने लपवून हलवलेली एक कोंबडी दुसऱ्या गावाची सारी खुराडी रिकामी करू शकते, हे व्याख्यानाने समजणार नाही इतके ह्या खेळाने समजते. भूमितीचा पाठही त्यात साधतो.

*सामान्यीकरण व फलकलेखन.* पुढील नियम मुलांकडून वदवून घेऊन फळ्यावर लिहावेत.

१. आजारी किंवा मेलेल्या पक्ष्याला हात लावू नये; लहान भावंडांस व कुत्र्यामांजरांस दूर ठेवावे.
२. लगेच घरातील मोठ्या माणसास सांगावे.
३. मेलेला पक्षी नाल्यात, विहिरीत किंवा उकिरड्यावर टाकू नये, कापू नये, विकू नये.
४. कोंबड्यांचे काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. चपला बाहेर ठेवाव्यात.
५. घरच्या कोंबड्यांस बदके, डुकरे व रानपक्षी ह्यांच्यापासून वेगळे ठेवावे. पाण्याचे भांडे रोज धुवावे.
६. नवी आणलेली कोंबडी काही दिवस वेगळी ठेवावी.
७. पूर्ण शिजलेलेच खावे.

*उपयोजन.* प्रसंग देऊन उत्तरे घ्यावीत. ‘बाजारातून कोणी स्वस्तात चार कोंबड्या देतो, त्या मरगळलेल्या आहेत, काय करावे?’ ‘तळ्याकाठी तीन बगळे मेलेले दिसले, मित्र पिसे गोळा करू म्हणतो, काय सांगाल?’ ‘मावशीच्या गावी कोंबड्या मरत आहेत, तिने दोन जिवंत कोंबड्या सांभाळायला पाठवल्या, ठेवाव्यात काय?’ तिसऱ्या प्रसंगावर मुले अडखळतील, कारण त्यात नाते आहे. तेथे घाई करू नये.

४. सर्वांत कठीण भाग : लपवणे

वरील नियमांपैकी ‘सांगावे’ हा शब्द फळ्यावर लिहिण्यास सोपा व घरी आचरण्यास अवघड आहे, हे शिक्षकाने ओळखले पाहिजे. मजूर कुटुंबाच्या, आदिवासी वस्तीवरील घराच्या चारपाच गावठी कोंबड्या म्हणजे त्या घरातील बाईची शिल्लक असते. अंडी विकून वह्या येतात, कोंबडी विकून औषध येते, पाहुणा आला तर मान राखला जातो. ‘कळवले तर सगळ्याच मारतील’ ही तिची भीती अज्ञानाची नाही, हिशेबाची आहे. त्या हिशेबाला उत्तर न देता केवळ स्वच्छतेचे नियम सांगणारा पाठ दाराबाहेरच राहतो.

२००८ साली पश्चिम बंगालमध्ये बीरभूम जिल्ह्यापासून सुरू झालेली साथ पाहता पाहता अनेक जिल्ह्यांत पसरली. घरोघरी मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या, त्या लपवण्याकडे लोकांचा कल आणि भरपाईविषयीचा अविश्वास ह्यांनी तेथे काम कठीण केले. याउलट १९९७ साली हाँगकाँगमध्ये १८ माणसांना लागण होऊन ६ मृत्युमुखी पडल्यावर तेथील सुमारे पंधरा लाख कोंबड्या काही दिवसांतच नष्ट करण्यात आल्या आणि माणसांतील ती साथ तेथेच थांबली. हाँगकाँग लहान व शहरी, बंगालची खेडी विखुरलेली. त्यामुळे दोहोंची बरोबरी होत नाही. पण वेळेचे मोल दोन्हीकडे सारखेच दिसते.

पालकांस सांगावयाचा हिशेब असा आहे. शासन नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई देते. तिचा भार केंद्र व राज्य निम्मानिम्मा उचलतात. रोगाने आधीच मेलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळत नाही. म्हणजे पहिल्या दिवशी कळवणाऱ्याच्या उरलेल्या कोंबड्यांचे पैसे येतात. आठ दिवस लपवणाऱ्याच्या कोंबड्याही जातात, पैसेही जातात आणि घरातील मूल धोक्यात पडते ते वेगळेच. भरपाईने सर्व नुकसान भरून येते, असे मात्र सांगू नये. अंडी देणारी ओळखीची कोंबडी पैशांनी परत येत नाही, आणि नवीन पक्षी पाळण्यापूर्वी स्वच्छता व काही महिन्यांची निगराणी ह्यांसाठी थांबावे लागते. खोटी आश्वासने देणाऱ्या शिक्षकावर गाव दुसऱ्यांदा विश्वास ठेवत नाही. शिवाय प्रत्येक मर म्हणजे बर्ड फ्लू नव्हे. पुष्कळदा तपासणीत राणीखेतच निघतो. त्यावर लस आहे, आणि कळवल्यामुळेच पुढच्या पिलांना ती वेळेवर मिळते.

कळवण्याचे काम मुलावर टाकू नये. मुलाने आईवडिलांस सांगावे, आईवडिलांनी पशुवैद्यकीय दवाखान्यास, ग्रामपंचायतीस किंवा १९६२ ह्या दूरध्वनी क्रमांकावर. पालक कचरत असल्यास शिक्षकाने त्यांच्याबरोबर जावे. वर्गात ‘कोणाच्या घरी कोंबड्या मेल्या?’ असे हात वर करून विचारू नये. त्या प्रश्नाने एक मूल गावाच्या रोषास पात्र होते आणि बाकीची गप्प बसण्यास शिकतात. मूल एकटे येऊन सांगेल तर त्याला पहिले वाक्य “बरे झाले सांगितलेस” हेच ऐकू यावे. संसर्गजन्य पशुरोगांसंबंधी २००९ चा केंद्रीय अधिनियम आहे आणि त्याप्रमाणे रोगाची सूचना देणे हे पशुपालकाचे कर्तव्य आहे. परंतु कायद्याचा धाक पुढे करण्यापूर्वी विश्वासाचा मार्ग वापरून पाहावा.

५. साथ जवळपास निघाल्यास शाळेने करावयाची कामे

शाळेच्या आवारात कोंबड्या फिरत असतील तर मालकांस समजावून त्या बंदिस्त ठेवण्यास सांगावे. पटांगणात मेलेला पक्षी आढळल्यास ती जागा दोरीने वेढून मुलांस दूर ठेवावे व कळवावे. विद्यार्थ्यांकडून तो उचलून घेऊ नये. विल्हेवाट पशुवैद्यकीय कर्मचारी खोल खड्ड्यात चुना घालून करतात. आहार शिजवणाऱ्या ताईंस अंडी पूर्ण उकडण्याविषयी व कच्ची अंडी हाताळल्यावर हात धुण्याविषयी सांगावे. हात धुण्याच्या जागी साबण आहे की नाही, हे रोज पाहण्याची जबाबदारी एका वर्गाकडे द्यावी. ताप व खोकला असलेल्या मुलास घरी पाठवताना घरी पक्षी मेले आहेत का, ही चौकशी पालकांकडे एकांतात करावी. अफवा आल्यास फळ्यावर रोज एक खरे वाक्य लिहावे, उदाहरणार्थ : ‘शिजलेल्या अंड्याने बर्ड फ्लू होत नाही.’ मुले ते घरी नेतात.

६. आवृत्तीचे प्रश्न व स्वाध्याय

१. देवीचा रोग नाहीसा करता आला, बर्ड फ्लू का करता येत नाही?
२. कोंबड्यांची मर पाहून ‘मानमोडीच असेल’ असे ठरवणे का धोक्याचे आहे?
३. आजारी कोंबडी कापणे हे शिजवलेली कोंबडी खाण्यापेक्षा अधिक धोक्याचे का?
४. लवकर कळवल्याने पाळणाऱ्याचा कोणता फायदा होतो?
५. डॉक्टरांस कोणती गोष्ट आपण होऊन सांगावी?

स्वाध्याय : आपल्या घरचे खुराडे पाहून त्याचे चित्र काढावे. पाण्याचे भांडे कोठे आहे, रानपक्षी तेथे येतात काय, स्वयंपाकघरापासून ते किती पावले दूर आहे, हे लिहावे. सुधारता येण्याजोगी एक गोष्ट आईवडिलांशी बोलून ठरवावी व आठ दिवसांत करून दाखवावी. शिक्षकाने महिनाभराने चारदोन घरी सहज जाऊन ती पाहावी. खुराड्याशेजारी साबणाची वडी ठेवलेली दिसली, तर पाठ पूर्ण झाला असे समजावे.